बेबीला बाबा सापडले

खमरिया, जबलपूर
ऑक्टोबर १९६५

प्रिय शकुताई,

बेबी मजेत आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. दाढा येऊन राहिल्या आहेत, त्यामुळे दिसेल ते चावते. काल माझ्या चपलेचा अंगठा चावला.

मागच्या आठवड्यात आपले बापू तुला सॅनेटोरियममध्ये भेटून सरळ इकडे आले. तुझा निरोप त्यांनी मला सांगितला. पण त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी आमच्या दोन दिवसांच्या सहलीची गंमत ऐक.

तुला इथून नेलं तेव्हा भाऊजींची पाळी साधी होती. लढाई लागली आणि दारूगोळ्याचा कारखाना रात्रंदिवस चालायला लागला. रविवारसुद्धा गेला. सकाळी ते सायकल काढायचे तेव्हा बेबी झोपलेली, परत यायचे तेव्हाही झोपलेली. खिडक्यांना काळे कागद लावून घरात आम्ही दोघीच. तिला बापाचा चेहरा पार परका झाला, ताई. ते जवळ घ्यायला आले की माझ्या पदराआड लपून ओरडायची. भाऊजी हात मागे घ्यायचे. हातपाय धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. लढाई थांबली तरी त्यांचं हे ओट्यावर बसणं थांबलं नाही.

या शनिवार-रविवारी पहिल्यांदा सलग सुट्टी मिळाली. भाऊजी म्हणाले, दोन दिवस नुसता झोपतो. मी म्हटलं, झोपायचं नाही, बेबीला फिरवायचं, आणि तिला तुम्हीच उचलायचं. “रडेल ती,” म्हणाले. मी म्हटलं, “रडू द्या.”

रडली. ग्वारीघाटापर्यंत बसमध्ये गळा काढून रडली. शेजारची म्हातारी वैतागून म्हणाली, “भैया, बच्ची को उसकी माँ के पास दे दो ना!” भाऊजींचे कान लाल झाले. मला हात पुढे करावासा वाटत होता, पण मी पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसले.

घाटावर मी फुलांचा द्रोण घेतला. बेबी माझ्याकडे बोट करून “आई, फू” म्हणाली. हल्ली ती मला आई म्हणायला लागली आहे, हे तुला कोणी कळवलं नसेल. मी म्हटलं, “मावशी.” ती पुन्हा “आई.” मी पुन्हा “मावशी.” भाऊजी म्हणाले, “राहू दे हेमा, लहान आहे.” मी म्हटलं, “लहान आहे म्हणूनच.”

मग पायरीवर बसल्या बसल्या तिनं पायातला बूट काढून नर्मदेत भिरकावला. भाऊजी तसेच पँट-शर्टासकट कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि बूट घेऊन वर आले. निथळणारा बाप बघून ती जी हसली! “अजून!” म्हणाली आणि दुसराही फेकला. भाऊजी पुन्हा उतरले. नाववाला ओरडत होता, “बाबूजी, बस करो, बिटिया आप को दिन भर नहलाएगी!” तुला नेलं त्या दिवसापासून भाऊजींना मी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते पाण्यात उभे राहून हसत होते.

रविवारी भेडाघाटला गेलो. धुवांधार धबधब्याचा आवाज कानावर आला आणि बेबीचा चेहरा पांढरा पडला. मी अगदी शेजारी होते. भाऊजी चार पावलं पुढे होते. ती माझ्या हातातून निसटली, धडपडत त्यांच्याकडे पळाली आणि त्यांच्या पायांना मिठी मारली. त्यांनी उचललं तर मान सोडेना. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं, खोटं काहून बोलू? पण भाऊजींचं तोंड ओलं झालं होतं आणि ते म्हणत होते, किती तुषार उडून राहिले आहेत बघ. तुषार तिथपर्यंत येत नव्हते.

परतताना ती त्यांच्या खांद्यावर झोपली. खमरिया येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. घरी आल्यावर भाऊजींनी तुझा फोटो खाली काढला आणि तिला विचारलं, “हे कोण?” ती म्हणाली, “ताई.” मी तसंच म्हणते ना! मग वरणभाताचा एकेक घास आणि एकेकदा “आई,” असं त्यांचं दोघांचं चाललं. ताट संपेपर्यंत तिला शब्द आला होता.

आता तुझ्या निरोपाबद्दल. तू ऑपरेशनला नाही म्हणालीस. वर बापूंजवळ म्हणालीस, मी गेल्यावर हेमानं त्या घरात उभं राहावं, बेबीला आई मिळेल आणि ह्यांना आधार होईल. हे सांगताना बापू माझ्याकडे अशा आशेनं बघत होते की मला रडू आलं. तरी मी नाही म्हणाले. भाऊजींना तुझा निरोप कळला तेव्हा त्यांनीही नको म्हणून हात जोडले. ताई, तू आहेस अजून. असं असताना आमची वाटणी करून तू मोकळी काहून झालीस? डॉक्टर म्हणतात, एक फुफ्फुस चांगलं आहे, ऑपरेशननंतर माणसं घरी जातात, संसार करतात. तू बरी होईपर्यंत बेबीला मी सांभाळीन, कितीही दिवस लागोत, पण मावशी म्हणूनच. तू आलीस की मी नागपूरला जाऊन राहिलेलं बी.ए. पुरं करणार. मला तुझी जागा नको, माझी हवी आहे. म्हणून तुला बरं व्हावंच लागेल. येत्या रविवारी आम्ही तिघं येतो. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, पण तुझ्या खिडकीखाली मोकळी जागा आहे म्हणे. भाऊजी बेबीला खांद्यावर घेऊन तिथे उभे राहतील. त्याआधी डॉक्टरांना हो सांगून ठेव. आणि केस नीट विंचरून खिडकीत बस. लेक पहिल्यांदाच तुला हाक मारणार आहे.

तुझीच, ऐकून न घेणारी,
हेमा