कारध्याची आगबोट

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळ.
रिटायर झाल्यानंतरची पहिली दिवाळी आटोपली. आजपासून जुन्या आगबोटींची मॉडेल्स बनवणार. निर्णय पक्का. एकूण तीन. अमेरिकेतल्या नदीवरची दुमजली, मागे मोठं चाक असलेली. मग बंगालची प्रवासी स्टीमर. मग कोकणातल्या खाडीवरची फेरीबोट. पहिली या महिन्यात, बाकीच्या दोन डिसेंबरात. जानेवारीत भंडाऱ्याला हस्तकलेचं प्रदर्शन आहे, तिथे तिन्ही ओळीने मांडायच्या.

मी अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. पाणी मला कळतं. टेबल आवक-जावकचं होतं, पण कागद पाण्याचेच होते.

बायकोला सांगितलं. बेबी म्हणाली, "जानेवारीत पुण्याले जायचं आहे ना गुंजनकडं?" मुलीला सुट्टी मिळत नाही, म्हणून बाळंतपण तिकडेच आहे. तारीख महिनाअखेरची. म्हटलं, तोवर माझं आटोपते. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

९ नोव्हेंबर.
यूट्यूबवर अभ्यास. दिवसभर. प्रत्यक्ष काम उद्यापासून.

१० नोव्हेंबर.
उद्यापासून.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
बाजारातलं प्लायवूड पाहिलं. क्वालिटी नाही. घरच्या दिवाणाच्या झाकणाचं प्लाय मात्र एक नंबर. कापलं. बेबीला आताच कळलं. म्हटलं, दिवाण उघडा राहिला की गाद्यांना हवा लागते. तिने गाद्या उचलून माझ्या खुर्चीवर ठेवल्या. हरकत नाही. हे काम उभ्यानेच करायचं असतं.

२८ नोव्हेंबर.
सांगाडा तयार. यादोराव बघायला आला. शेजारीच राहतो, ऑफिसातही बाजूच्या टेबलावर होता. चहूकडून फिरून त्याने विचारलं, "हे कोन्या बाजूनं चालते?" म्हटलं, पुढे. म्हणे, "पुढची बाजू कोनती?"
प्रत्येकाला दृष्टी नसते.
बंगालची स्टीमर रद्द. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा.

८ डिसेंबर.
भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची मोटर आणली. ताकदीसाठी स्कूटरची जुनी बॅटरी. बॅटरी डावीकडे बसवली, कारण उजवीकडे कॅप्टनचा जिना येतो. ऐतिहासिक मॉडेलमध्ये जिना हलवता येत नाही.

१५ डिसेंबर, रविवार.
अंगणातल्या टाक्यात चाचणी. बोट तरंगली! थोडी डावीकडे झुकली, पण ते टाक्याच्या बुडाला उतार आहे म्हणून. बेबी म्हणाली, "पानी तं सरळच दिसून राहिलं." वर म्हणाली, कपडे धुवायचे आहेत, तुमचं ते काढा.
ती 'ते' म्हणाली. आगबोट म्हणायची सवय लागायला वेळ लागेल.

२० डिसेंबर.
पुण्याचं तिकीट निघालं. बेबीचं दोन तारखेचं. विचारत होती, तुमचंही काढू का. म्हटलं, प्रदर्शन अठरा तारखेला आहे, ते झालं की लगेच येतो. तिने विचारलं, "बोट मोठी का पोरगी मोठी?" मी शांतपणे समजावलं की ही तुलनाच चुकीची आहे.
आज जेवण गार होतं.

२९ डिसेंबर, रविवार. दुपार.
जलावतरण. आपल्या कारध्याचाच वैनगंगेचा घाट. नारळ फोडला. यादोराव एकटाच पाहुणा. बोट सोडली, चाक फिरलं, आणि बोट उलटी माझ्याकडेच आली. वायर उलट्या जोडल्या गेल्या असाव्यात. पण त्यामुळे परतीचा प्रवास आधी यशस्वी झाला, हे नोंदवून ठेवतो. वायर बदलून पुन्हा सोडली. आता सरळ गेली. बरीच आत गेली. मग डावीकडे झुकली, थोडा विचार केल्यासारखी थांबली आणि बसली.

पलीकडे सत्यभामा नावाची बाई जाळं टाकून मासे धरत होती. ती ओरडली, "भाऊ, तुमचं घर बुडून राहिलं!" तिनेच जाळं टाकून बाहेर काढलं. वरच्या मजल्यावर एक झिंगा निघाला. तो तिने ठेवून घेतला.
यादोराव घरापर्यंत सोबत आला. दारात आल्यावर म्हणाला, "नारळ तरी चांगला निघाला."
एकंदरीत चाचणी माहितीपूर्ण झाली.

२ जानेवारी २०२५.
बेबीला वरठी स्टेशनवर सोडून आलो. खिडकीतून सांगत होती, दूधवाल्याला सांगून ठेवलं आहे, डाळ खालच्या डब्यात आहे. गाडी हलल्यावर म्हणाली, "फोन जवळ ठेवजा. इकडं तिकडं ठेवू नका."
घरात आता पूर्ण शांतता. कामाला याहून चांगलं वातावरण मिळणार नाही.

३ जानेवारी.
शांतता जरा जास्तच आहे. काम झालं नाही.

६ जानेवारी.
बोटीचा खालचा भाग पाण्याने फुगला आहे. प्लायचे पापुद्रे सुटले. दिवाणाचं प्लाय मी समजलो होतो त्या क्वालिटीचं नव्हतं. खालचा सगळा भाग कापून काढला. जगातले मोठमोठे कलाकार पाण्याच्या वरचीच बोट बनवतात आणि फळीवर बसवतात, असं व्हिडिओत पाहिलं. तेव्हा हे नुकसान नाही, ही पद्धत आहे.
कोकणची फेरीबोट रद्द. एकच, पण जबरदस्त.

१० जानेवारी.
फळी पाण्यासारखी निळी रंगवायची होती. निळा रंग डब्यात वाळून दगड झाला आहे. गेटचा हिरवा उरला होता, तो मारला. नाहीतरी नदीचं पाणी खरं तर हिरवंच असतं. निळं फक्त कॅलेंडरवर असतं.

१३ जानेवारी.
डेकवर माल पाहिजे. या बोटी माल नेत असत. पोत्याच्या तागाच्या छोट्या छोट्या गोण्या शिवल्या. आत बेबीच्या डब्यातला तांदूळ भरला. डेकवर सगळ्या मावेनात, म्हणून उरलेल्या बाहेर फळीवर रचल्या. तो बंदराचा धक्का.
गुंजनचा फोन आला. "बाबा, तुम्ही या ना आता." म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. तिने विचारलं, जेवता ना नीट? म्हटलं, हो. (खिचडी. तीही कालची.)  

१५ जानेवारी.
दोन्ही धुराड्यांत धूपकांडी बसवली. झकास धूर निघतो. पाटीवर 'एस. एस. वैनगंगा' लिहायचं होतं. 'एस. एस.' मावेना. नुसतं 'वैनगंगा' लिहिलं. जास्त भारदस्त दिसतं.
पहिलं बक्षीस जवळपास नक्की. भाषणाचे मुद्दे काढले.

१८ जानेवारी, शनिवार. रात्री.
सगळं क्रमाने लिहितो.
हॉलमध्ये टेबल मिळालं. परीक्षकांना डिस्टर्ब नको म्हणून मोबाईल सायलेंट करून पिशवीत ठेवला. धूप पेटवला. माझ्याच टेबलापुढे गर्दी. अड्याळचा एक शेतकरी किती तरी वेळ वाकून बघत होता. त्याने विचारलं, "पॉलिश कशी येते हिची?" मी सांगितलं, उत्तम येते, वॉर्निशचे दोन हात दिले आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. दाद अशी असते.

मग परीक्षक मॅडम आल्या. "वा! क्षमता किती?" म्हटलं, दोनशे. "क्विंटल?" म्हटलं, प्रवासी. लाउडस्पीकर फार मोठा होता, त्यांना ऐकू गेलं नसावं. मान हलवून लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, तुसाचा धूर अगदी खरा वाटतो.
या 'तुसाचा' शब्दापाशी मी थोडा थांबलो होतो. मग वाटलं, विदेशात धानाचं तूस जाळत असतील.

संध्याकाळी निकाल. "कृषी-उद्योग विभाग. दुसरं बक्षीस. राईस मिलची प्रतिकृती." मी मागे वळून पाहिलं, राईस मिलवाला कोण आहे म्हणून. तेवढ्यात "तेजराम बांते, कारधा" असं ऐकू आलं. सोबत आलेला यादोराव मला ढकलत होता, "जा ना, तुलेच बोलावून राहिले." चूक दुरुस्त करायची म्हणूनच मी स्टेजवर गेलो. माइकपर्यंत पोचलोही होतो. पण पाहुण्यांनी शाल घातली, टाळ्या सुरू झाल्या, फोटोवाला म्हणाला इकडे बघा. मी बघितलं.

टेबलाशी येऊन पहिल्यांदाच नीट पाहिलं. हिरव्या जमिनीवर दुमजली इमारत. दोन धुराडी, मागे चाक, दारात तांदळाची पोती.

पिशवीतून मोबाईल काढला. मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. बेबी, बेबी, जावई, बेबी. दुपारीच मुलगी झाली. तारखेच्या आधी. दोघी बऱ्या आहेत. मी फोन लावला तेव्हा बेबीने सांगितलं, आत नेईपर्यंत गुंजन म्हणत होती, बाबांना लावून पाहा ना अजून एकदा. बेबी हे रागावून नाही बोलली. नुसतं सांगितलं.
मी खुर्चीवर बसून राहिलो. मग हॉलवाल्यांना खुर्च्या उचलायच्या होत्या.

१९ जानेवारी, रविवार.
आयोजकांना भेटून लेखी दुरुस्ती मागणार होतो. त्याऐवजी आधी तिकीट काढलं.
यादोरावने टेबलापाशी बोटीसकट काढलेला माझा शालीतला फोटो, 'राईस मिल, दुसरं बक्षीस' असं लिहून, साऱ्या गावाला पाठवला. बेबीलाही. तिचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आवाज मोकळा होता. "मले तं वाटलं तुम्ही जहाजच बनवून राहिले. हे बरं केलं, आपल्या कामाचं काही तरी. इथं दवाखान्यात सगळ्याइले दाखवलं मी." मी सांगणार होतो. तेवढ्यात मागे बाळ रडलं आणि तिने फोन ठेवला.
प्रत्यक्ष भेटल्यावर सविस्तर खुलासा करीन. बोटीचा इतिहास, चाकाचं कार्य, सगळं. गाडीत मुद्दे काढतो.

२२ जानेवारी. पुणे.
मुद्दे पाठ केले होते.
गुंजन म्हणाली, "आले बाबा." एवढंच म्हणाली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. फार हलकं आहे. झोपलं होतं, त्यामुळे मोठ्याने बोलता येईना आणि हलताही येईना. बेबीने माझा शर्ट ढिला झालेला पाहिला, आत गेली आणि पोळ्या लाटायला बसली.

व्याही भय्याजी बपेऱ्याहून आलेले आहेत. धानाचे मोठे शेतकरी. त्यांनी मोबाईलवर फोटो मोठा केला, चष्मा वर केला, सगळं नीट न्याहाळलं. म्हणाले, "बाकी समदं बरोबर जमलं बापा. पन हिच्यात धान कुठून टाकतेत?"

गुंजन माझ्याकडे बघत होती. हसत होती. बेबीही हातात लाटणं घेऊन दारात आली.
वरच्या मजल्यावर कॅप्टनची खोली आहे. फोटोत तिच्यावर बोट ठेवलं. म्हटलं, इथून.