न विरणारा रंग

३ मे
आले एकदाची! तळ्याकाठी प्रयोगशाळा, वर राहायला दोन खोल्या, खिडकीत पाणीच पाणी. नोकरी धाकटीने लावून दिली. सख्खी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि इथे माझी साहेब! दोघी पोट धरून हसलो. काम मजेचं आहे. नदी तळ्याला मिळते तिथे गुलाबी रंग सोडायचा आणि तो किती वेळात कुठे पोचतो, किती विरतो, ते बाटल्या भरून मोजायचं. उद्या वरच्या कारखान्याची घाण पाण्यात आली, तर ती कुठवर जाईल हे त्यावरून कळतं.

९ मे
प्रयोगशाळेचा नावाडी म्हणाला, धाकट्या बाईंना पाणी वाचता येतं. आईचा फोन आला. माझी चौकशी एका वाक्यात, मग धाकटीचं कौतुक. लहानपणापासून हेच. माझ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही धाकटीने पुन्हा लिहिल्या. हसत हसत. ते हसणंच जास्त झोंबतं.

१४ मे
नावाडी रजेवर, म्हणून दोघीच होडीतून गेलो. रंगाचा कॅन ओतताना तिचा तोल गेला. पोहते चांगली, पण तिथे नदीची ओढ. ओरडली, "ताई, दोर टाक!" दोर माझ्या हातातच होता. मनात आलं, घाबरू दे जरा. एकदा तरी.
टाकला तेव्हा पाण्यावर नुसता गुलाबी डाग होता.

१६ मे
ती सापडली नाही. शोध थांबवला. मी सांगितलं, दोर पोचला नाही. आई आलीय, माझ्याजवळच राहतेय. धाकटीची खुर्ची मला मिळाली. बसले. बरं वाटलं. मग लगेच उठले.

१७ मे
डाग अजून तिथेच. एव्हाना विरायला हवा होता. बाटली भरून यंत्रावर रंगाचं प्रमाण मोजलं. चाळीस.

१९ मे
डाग काठाकडे सरकतोय. वारा उलटा, तरीही. तीन ठिकाणी बाटल्या भरल्या. चाळीस, चाळीस, चाळीस. रंग पसरला की फिका होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. नावाडी आता होडी काढत नाही.

२१ मे
डाग प्रयोगशाळेच्या पायऱ्यांपर्यंत आला. आई दिवसभर तिथेच बसते. धाकटीची वाट बघते. अजूनही तिचीच—

२२ मे, सकाळ
नळाला गुलाबी पाणी. आईला दिसत नाही. मी रडले. डोळ्यांतलं पाणी काचेच्या नळीत धरलं, यंत्रात घातलं—
चाळीस.

दुपार
आई खालून हाका मारतेय. आवाजात केवढा आनंद! माझ्यासाठी कधी नव्हता— म्हणतेय, धाकटी आली गं, चिंब भिजलीय, तुलाच विचारतेय— जिन्यावर पावलं— आई, तिला वर नको पाठ—