दादा हसला की छापायचं

७ मार्च, शुक्रवार
लेख झाला एकदाचा! विषय — पाणीमंत्री. काल सभागृहात बोलता बोलता रडले. रुमाल, हुंदके, सगळं साग्रसंगीत. शहराच्या नळांना दिवसाआड अर्धा तास, मंत्र्यांच्या डोळ्यांना मात्र चोवीस तास पाणी — असा एक परिच्छेद केलाय. लेखाचा जीव तोच.

आमचा वार्ताहर तिथेच होता. म्हणाला, "साहेब, मला नाही हो ते नाटक वाटलं." तेव्हापासून शंकेची पाल चुकचुकतेय. जाऊ दे, संध्याकाळी दादा ठरवेल.

त्याच दिवशी, दादाकडून आल्यावर
एकवीस वर्षांचा नेम — लेख देण्याआधी थोरल्या भावाला वाचून दाखवायचा. दादाने हयातभर पेपरात मुद्रितं तपासली, जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. तो हसला की छापायचं, गप्प बसला की काट! वाचताना मी मान वर करत नाही. लाज वाटते, अजूनही. नुसतं त्याचं हसू ऐकतो.

आज त्या परिच्छेदाशी थांबलो. दादा खो-खो हसला. मांडीवर थाप! "राहू दे ना?" विचारलं, तर टक लावून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "झकास!" हल्ली असाच बघत बसतो. म्हातारपण, दुसरं काय.

वहिनी चहा घेऊन आली. "भाऊजी, जरा बोलायचं होतं —" दादाने असे डोळे वटारले की ती आल्या पावली आत गेली. काहीतरी बिनसलंय दोघांचं. मी कशाला मध्ये पडू?

९ मार्च, रविवार
छापून आला. सकाळपासून फोन — "काय हाणलाय राव!" बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१० मार्च, सोमवार
मंत्र्यांची मुलगी गेली. आज पहाटे. बावीस वर्षांची. तीन महिने इस्पितळात होती, कुणाला कळू दिलं नव्हतं. गुरुवारी ते भाषणाला उभे राहणार, त्याच्या दहा मिनिटं आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं — आता आशा नाही.

आज एकही फोन नाही.

११ मार्च, मंगळवार
संपादक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची पुढे केली. "माफी लिहून द्या, रविवारी छापू. मग सदर थांबवू या — थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, ते मला कळतं. मीच इतरांच्या बाबतीत ऐकलंय ते.

बायको म्हणाली, "वार्ताहराने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

हो, सांगितलं होतं! पण दादा हसला होता. नुसतं "हं" म्हणाला असता तरी काट मारली असती मी. त्याला काय जातंय? घरात बसून हसायचं. संताप येतोय त्याचा.

१३ मार्च, गुरुवार
चार ओळींची माफी. दोन दिवस लागले.

१४ मार्च, शुक्रवार
माफी घेऊन दादाकडे गेलो. ठरवूनच — वाचून झालं की तोंडावर विचारायचं, का हसलास त्या दिवशी?

खाली मान घालून वाचायला लागलो. "त्यांची मुलगी —" इथवर आलो आणि पुढचा शब्द वाचवेना. थांबलो.

दादा हसला. खो-खो! मांडीवर थाप. "झकास!"

मी मान वर केली. माझा चेहरा बघितला आणि त्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. लहान मुलासारखा घाबरला माझा दादा.

वहिनी धावत आली. रडतच म्हणाली, "वर्ष झालं हो भाऊजी, यांना काहीच ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून ओळखतात थोडंफार. तुम्हाला कळलं तर तुम्ही वाचून दाखवायला यायचे बंद व्हाल, म्हणून मला बोलू देत नव्हते. तुम्ही थांबलात की हसतात."

दादा म्हणाला, "तू हसण्याच्या जागीच थांबतोस रे. आजवर चुकला नाहीस कधी."

 त्याचा हात धरून बसलो.

१५ मार्च, शनिवार
माफी संपादकांकडे छापायला दिली. छापण्याआधी त्या परिच्छेदाला एकच माणूस हसला होता. मी.