वेळापत्रकात नसलेलं कॉलेज

दादा,

तुम्ही आयुष्यात हौसेची म्हणावी अशी एकच सहल केलीत, आणि ती मी आखली होती. कोल्हापूर, तीन दिवस. बत्तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला गाड्यांत बसवून दिलंत, पण स्वतः लग्नकार्य आणि मयत सोडून कुठे गेला नाहीत. वर्षाचा फुकट पास कपाटात तसाच पडून राहायचा. आई म्हणायची, दिव्याखाली अंधार तो हाच. तुम्ही खिडकीतही कमीच बोलायचात. कुणी विचारलं, साताऱ्याची गाडी कधी लागेल, तर मान वर न करता म्हणायचात, "लागली की दिसेल." त्या माणसाला राग यायचा आणि मला, शाळेतून येऊन तुमच्या मागच्या बाकावर दप्तर घेऊन बसलेल्या मुलीला, हसू यायचं. तुमच्या त्या सहलीबद्दल इतकी वर्षं मी कुणाशी बोलले नाही. आज लिहायला बसले कारण गेल्या महिन्यात मीही कुणीतरी आखून दिलेल्या सहलीला जाऊन आले.

आखणारा तुमचा नातू. तुम्ही गेलात तेव्हा तो पोटात होता, म्हणून ओळख करून द्यावी लागते आहे. उंच आहे, तुमच्यासारखा किंचित पुढे वाकून चालतो, आणि जीभ आपल्या घरातलीच. जर्मनीला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला गेला त्याला तीन वर्षं होतील. शिक्षण दोन वर्षांचं आहे. तिसरं कशाला, तर म्हणाला प्रोजेक्ट लांबला. प्रोजेक्ट लांबतात, माझा पगारच त्यावर चालतो. मी जास्त विचारलं नाही. यंदा आम्ही दोघांनी त्याच्याकडे जायचं ठरवलं, तेव्हा महिनाभर आधी त्याने एक वेळापत्रक करून पाठवलं. नऊ दिवस, चार शहरं, एक पान. गाडी किती वाजता, फलाट कुठला, उतरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, दुपारी शाकाहारी कुठे मिळेल. प्रत्येक सुटायच्या वेळेसमोर पोचायची वेळ. दादा, तुम्ही ते पान बघितलं असतंत तर चष्मा पुसून पुन्हा बघितलं असतंत. माझ्या नवऱ्याने ते वारज्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि दिवसभर अंगठे मोजत बसला. मी मात्र फोनवर मुलाला विचारलं, "ह्यात तुझं कॉलेज कुठे आहे रे?"

"आई, तिथे काय बघणार? काँक्रीटची बिल्डिंग आहे नुसती. आणि तू फिरायला येतेयस ना, का इन्स्पेक्शनला?"

मी हसले. टोमणा चांगला मारला की आपण पुणेरी माणसं मूळ प्रश्न विसरतो.

तुमच्या हाताखालच्या ड्रायव्हरांना ते जमायचं नाही. मला एक दिवस लख्ख आठवतो. मी सातवीत असेन. कोकणातून गाडी आली, आणि वाटेतल्या एका गावात गाडी आत येतच नाही, परस्पर फाट्यावरून निघून जाते अशी तक्रार होती. तुम्ही खिडकीतून विचारता, "गावात गेला होतास?" तो म्हणतो, "गेल्तो की सायेब, धा मिंटं उभा व्हतो." तुम्ही उठता, चपला घालता, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारता. त्या गावचा रस्ता कच्चा, तांबड्या मातीचा, आणि टायर डांबरासारखे काळेभोर. तुम्ही परत येऊन खुर्चीत बसता आणि म्हणता, "मग टायर धुतलेस कुठे?" त्याला तुम्ही रागावला नाहीत. नंतर मला म्हणालात, गाडी कुठून आली ते ड्रायव्हरला विचारू नये, त्याला खोटं बोलायला लागतं. टायर बघावेत.

जर्मनीत आम्ही उतरलो त्या शहरापासून त्याचं विद्यापीठ दोन तासांवर. त्याच्या खोलीवर पाहुणे चालत नाहीत म्हणून त्याने आमच्यासाठी एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. मी भाकरीचं पीठ, मेतकूट, बेसनाचे लाडू असं सगळं काढून ओट्यावर मांडलं. तो उभ्यानेच दोन लाडू खाऊन बाथरूममध्ये गेला. त्याचे बूट दाराशी वेडेवाकडे पडले होते. आईने लावलेली सवय जात नाही, मी ते सरळ करायला उचलले. तळव्याला तपकिरी चिकटपट्टीचा तुकडा चिकटलेला, त्यावर अर्धवट फाटलेलं पार्सलचं लेबल. दुसऱ्या बुटालाही पट्टी, जुनी, काळी पडलेली, एकावर एक तीनचार थर. खोक्यांच्या पुठ्ठ्याचा भुगा शिवणीत बसलेला. आल्यापासून तो सांगत होता की दिवसभर लॅबमध्ये असतो, लॅबमध्येच जेवतो. त्याच्या तळहातांवर बारीक चिरा होत्या. विचारलं तर म्हणाला, जिम.

अर्धवेळ काम तिकडे सगळीच मुलं करतात, एवढं मलाही कळतं. पण ती लपवत नाहीत, उलट आईबापांना फोटो पाठवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "उद्याची बोट राहू दे. तुझ्या कॉलेजला जाऊन येऊ. बाहेरून बघू, फोटो काढू, झालं." तो ब्रेडला लोणी लावत होता. लावतच राहिला. "उद्या बंद असतं," म्हणाला. उद्या म्हणजे बुधवार होता दादा. माझा नवरा म्हणाला, "अगं, त्याने एवढं जमवलंय, तू कशाला मध्ये फाटे फोडतेस?" मुलाचे कान लाल झाले होते. लहानपणी औषध ओतून टाकलं की व्हायचे तसे. मी म्हटलं, बरं, बोट तर बोट. त्या दुपारी मी मोबाइलवर त्याच्या विभागाचं पान उघडलं. या सत्रात प्रोजेक्ट सादर करणाऱ्यांची यादी होती. त्याचं नाव नव्हतं. मागच्या सत्राची होती, तीतही नव्हतं. खाली नियम होते. एकच विषय तिसऱ्यांदा गेला तर विद्यार्थ्याचं नाव कमी करतात. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला काहीच बोलले नाही. त्याला रक्तदाब आहे हे खरं, पण ते कारण नव्हतं.

कारण कोल्हापूर होतं. दुसऱ्या वर्षाला माझे चार विषय गेले आणि वर्ष बुडालं. कसब्यातली, आपल्या गल्लीतली कॉम्प्युटर शिकायला बाहेरगावी गेलेली पहिली मुलगी! त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हटलं की लोक आवाज खाली आणून बोलायचे. मी घरी कळवलं नाही. होस्टेलमधली जागा गेली, तर शहरात एका बाईंच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला लागले. आणि तेवढ्यात तुमचं पत्र आलं की पास वापरून तीन दिवस येतो, तुझं कॉलेज बघतो. मी रात्रंदिवस खपून वेळापत्रक केलं. पहिला दिवस अंबाबाई आणि रंकाळा, दुसरा पन्हाळा, तिसरा जोतिबा आणि संध्याकाळची परतीची गाडी. तुमची राहायची सोय स्टँडजवळच्या धर्मशाळेत. तुम्ही पान बघून म्हणालात, "छान आखलंयस. कॉलेज?" मी म्हटलं, "तिथे काय बघायचंय दादा, भिंती?" तुम्ही म्हणालात, "बरं." आणि मी सांगेन तिथे माझ्यामागून आलात. पन्हाळ्यावर मुलासारखे तटावरून वाकून बघत होतात. मला तो आनंद बघवत नव्हता.

त्या तीन दिवसांत मी तुम्हाला रंगवून रंगवून सांगितलं होतं की कॉलेज टेकडीवर आहे, रोज तांबड्या मातीच्या कच्च्या रस्त्याने चालत जाते, बूट लाल होतात. जोतिबाला आपण पादत्राणं काढली. मी पुढे गेले आणि तुम्ही मागे राहिलात म्हणून वळून बघितलं. तुम्ही माझे पांढरे कॅनव्हासचे बूट हातात घेतले होते. उलटे केलेत, एकमेकांवर आपटलेत, आणि तुमच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवलेत. "बरेच स्वच्छ ठेवतेस," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, "काल धुतले." दादा, मला तेव्हा कळलंसुद्धा नाही की मी काय उत्तर देते आहे. संध्याकाळी गाडीत बसलात, खिडकीची काच मागे सारलीत आणि समोरच्या फलाटाकडे बघत बोललात, "गाडी उशिरा आली तर काही बिघडत नाही. बंद पडली तरी बिघडत नाही. पडलीय म्हणून कंट्रोलला कळवावं. आम्ही दुसरी पाठवतो." मी म्हटलं, "हो." गाडी सुटली.

कळवलं नाहीच. पुढे एक वर्ष जास्त लागलं त्याचा हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं की अभ्यासक्रम नवा आहे, विद्यापीठाने वर्ष वाढवलंय. तुम्ही पेठेत सगळ्यांना तेच सांगितलंत, तोंडावरची माशी न हलवता: कॉम्प्युटर मोठा विषय आहे, वर्ष जास्त लागतं. आईलासुद्धा तेच. मग कंपन्यांची लाट आली, ज्याला कळफलक ओळखता येतो त्याला नोकरी मिळत होती, मलाही मिळाली, आणि माझं बुडालेलं वर्ष कुणी विचारलंही नाही. हिंजवडीत मी माणसांवरची माणूस झाले. प्रोजेक्ट अडलं असेल तर आधी सांगा, मी माणसं देते, असं मी मिटिंगमध्ये सांगते. तुमचं वाक्य आहे, गाडीच्या जागी प्रोजेक्ट घातलंय. पोरं माना डोलावतात. त्यातल्या एकालाही मी कोल्हापूर सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मुलाला तर लहानपणापासून एकच सांगत आले: तुझी आई कधी नापास झाली नाही.

तर बोटीत बसलो. दोन्ही काठांना डोंगर, डोंगरावर किल्ले. नवरा किल्ले मोजत होता आणि आपले किल्ले ह्यांच्यापेक्षा कसे बळकट ते शेजारच्या जोडप्याला समजावत होता. त्यांना मराठी येत नाही याची त्याला अडचण नव्हती. मुलगा कठड्याला टेकून उभा. मी त्याच्याजवळ गेले. बोलायचं ठरवून गेले होते. दुसऱ्या वर्षाला माझे चार विषय गेले होते, एवढंच वाक्य. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आवडतंय ना गं तुला? नक्की?" तो असं विचारत होता की जणू माझं हो त्याला कुठूनतरी सोडवणार होतं. मी म्हटलं, "खूप आवडतंय." आणि मग पुढचे सहा दिवस मी सगळं बघितलं, घंटाघरं, पूल, बागा. प्रत्येक ठिकाणी फोटोत हसले. तुम्ही पन्हाळ्यावर वाकून बघत होतात ते आनंदाने की माझ्यासाठी, हे मला आता ठरवता येत नाही. ह्याचाच मला सगळ्यात त्रास होतो.

विमानतळावर निरोप घेताना मी त्याला तुमचं वाक्य सांगितलं. शब्द तेच. "आजोबा म्हणायचे," म्हटलं, "गाडी बंद पडली तरी बिघडत नाही, कंट्रोलला कळवावं." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हो." माझ्याच आवाजात, दादा. मला तिथेच कळलं की ते वाक्य पुरत नाही. तुम्हाला तेवढंच देता येत होतं. तुम्ही कधी नापास झाला नव्हतात, सातवीपुढे शाळेतच गेला नव्हतात. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं होतं, आणि ते मी पर्समध्ये ठेवून सामानाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. का, तर त्याच्या डोळ्यांतून उतरायचं नव्हतं. तो तिकडे खोकी उचलतो आहे, एकटा, आणि मला माझ्या मार्कांची पडली होती.

रविवारी फोन येतो. लॅब कशी आहे, मी विचारते. बरी आहे, तो सांगतो. सहल आवडली ना म्हणून पुन्हा एकदा विचारतो. त्याचा बाप ते वेळापत्रक फ्रेम करून घ्यायचं म्हणतोय.

चार दिवस झाले हे लिहिते आहे, ऑफिसला जायच्या आधी, थोडं थोडं. तुम्हाला यातलं काही नवीन नाही. बूट तुम्ही बघितले होतेत. हे सगळं कुणाला लिहायला हवं होतं ते मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, पत्र पोचेलही. म्हणूनच वर तुमचं नाव घातलं.