पाऊण तासाचं इमान

सुंदरराव चेअरमन,

मी जनावरं घेऊन घाटनांदूरला तुझ्या मामाकडं चाललेय. त्याच्या हिरीला अजून पाणी हाय. पायी दोन दिस लागतील. जीप घेऊन मागं येऊ नको, मी बसायची न्हाई.

काल पारावर तुझं बोलणं ऐकून मला शिसारी आली. दूध संस्थेनं तुला मुंबईला धाडलं ते गावासाठी चारा मागायला. तू येऊन काय सांगितलंस? औरंगाबादहून मुंबई इमानानं पाऊण तास, आन् आभाळात वळणं न्हाईत मनून अंतर बी कमी भरतं! छबुबाईनं इचारलं, "चाऱ्याचं काय झालं, बाबा?" तर मनलास, "सायेब भेटले न्हाईत." आन् पुन्हा ढगांचं वर्णन सुरू. दावणीला जनावरं मरायलीत आन् तू लोकांना वरून ढग कसे दिसतात ते सांगतोस?

तुझी बायको शेजारी बसून मनती, "आत्याबाई, इमान न्हाई, विमान लिवा." मला येतं तसंच मी लिवणार. तुझ्यात इमान असतं तर चारा घेतल्याबिगर घराकडं पाय वळला नसता.

भाकरी दुरडीत हाय.

तांबडी कालवड मागं ठिवलीय. ती खाली बसलीय, तिच्यानं चालवत न्हाई. सकाळ-सांज तिला उभं करायला चार माणसं लागतात. गावात हाका मार, आन् कोण येतं ते बघ.

आई