बहात्तराव्या किलोमीटरवर

मात्सुए,
९ सप्टेंबर २०१३

चि. योशिहारुस,
अ. उ. आ., आणि सोबत एक सणसणीत चापट.

तुझं पाकीट जेवताना उघडलं, ही माझीच चूक. काळी पडून गळलेल्या नखांचा फोटो थोरल्या बहिणीला कोणी पाठवतं का रे? वर फोटोच्या मागे ऐटीत लिहिलंयस, शंभर किलोमीटर, तीनदा ओकलो, तरी थांबलो नाही. शी! समोरचं सूप तसंच मोरीत ओतलं.

नोरिकोचा फोन आला होता. अंघोळीनंतर तू अर्धा तास भिंतीला टेकून बसला होतास म्हणे. छातीत मासोळी तडफडतेय म्हणालास आणि कुणाला सांगू नकोस असं तिला बजावलंस. बायको आहे ती, सांगणारच. तीस वर्षं मी इस्पितळात हृदयाचे आलेख काढले. दहा-दहा तास पळवलेलं हृदय ताणलं जातं. बहुतेकांचं पूर्ववत होतं, काहींचे कप्पे सैल पडतात, आत वण राहतात, ठोके भरकटतात. कुणाचं काय होईल ते आधी कळत नाही. म्हणून तपासून घे. फोनवर तू चेष्टा करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय.

रागावलेली, तरी तुझीच,
मित्सुए

कोची,
२० सप्टेंबर

ती. मित्सुएताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चक्क बसून वाचलं, यावरून ओळख किती घाबरलो ते. कंपनीच्या तपासणीत माझी नाडी अडतीस भरली. डॉक्टर म्हणाले, छप्पन्नाव्या वर्षी असं हृदय म्हणजे खेळाडूचं. तू जन्मभर आजाऱ्यांचे आलेख बघितलेस, तुला सगळेच आजारी दिसणार!

ऑक्टोबरात किनाऱ्यावरची शर्यत आहे. शाळेपासूनचा आपला हामागुचीही येतोय. त्याला हल्ली जिना चढताना धाप लागते. मी म्हटलं, म्हातारा झालास लेका. खूप हसलो दोघं. ही शर्यत झाली की तपासून घेतो, शपथ. सुकवलेला कात्सुओ मासा पाठवलाय. हे पाकीट जेवताना उघडायला हरकत नाही.

तुझा आगाऊ भाऊ,
योशिहारु

कोची,
२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

हामागुची गेला. रविवारी, शर्यतीत.

नोरिकोला सांगितलं नाही ते तुला सांगतो. बहात्तराव्या किलोमीटरवर तो कठड्यावर बसला होता, छातीवर हात ठेवून. त्याने मला हाक मारली. पुढची चौकी बंद व्हायला चार मिनिटं होती, त्यानंतर पोचणारा शर्यतीतून बाद. मी ओरडलो, ऊठ, नेट लाव! आणि पळत राहिलो. चौकी गाठली. शर्यत पुरी केली. गळ्यात पदक घालून घेतलं. मग कोणीतरी सांगितलं.

मला जेवण जात नाही. तू काय म्हणशील ते म्हण.

योशिहारु

मात्सुए,
२८ ऑक्टोबर

योशिहारु,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझी किळस आली मला. नखांची आली होती, ती काहीच नव्हती. रस्त्यावर परका माणूस बसला असता तरी आईने वाढवलेला मुलगा थांबला असता. पाणी देणारे, टाळ्या वाजवणारे, कौतुक छापणारे, सगळ्यांचीच किळस आली. छातीवर हात ठेवलेल्या माणसाला ऊठ म्हणता तुम्ही, आणि त्याला जिद्द म्हणता!

हामागुचीच्या बायकोकडे, तोकिकोकडे जा. दुसऱ्या कोणाकडून तिला कळायच्या आत, स्वतः सांग. ती हाकलून देईल, तर हाकलून घे. आणि छाती तपासून घे. मला एकच भाऊ आहे, तो कसाही असला तरी.

मित्सुए

कोची,
१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

इस्पितळातल्या खाटेवरून लिहितोय. सोबत माझा आलेख आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. वरचा कप्पा ताणून सैल झालाय, ठोके भरकटलेत. रक्त पातळ राहायच्या गोळ्या सुरू केल्यात. पळणं बंद, चालायला परवानगी.

क्लबवाले हामागुचीच्या स्मरणार्थ शंभर किलोमीटरची शर्यत ठेवताहेत. छातीवर त्याचा हसरा चेहरा छापलेले सदरे शिवायला टाकलेत. सभेत मी उठून सांगितलं की तो बसला होता आणि मी पुढे गेलो. मग अध्यक्ष म्हणाले, त्यालाही तेच आवडलं असतं. बाहेर पडलो तो थेट तोकिकोकडे गेलो.

सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, त्याच्या चेहऱ्यावरून फार दुखत असल्यासारखं वाटत होतं का. मला सांगता येईना. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, आता निघा, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला येऊ नका.

मी फाटकापर्यंत पोचलो तर मागून अनवाणी आली. तुम्ही स्वतःची छाती दाखवलीत का, असं विचारलं. मी म्हटलं, उद्या जातो. ती म्हणाली, उद्या नाही, आत्ता. आणि माझ्यासमोर उभी राहून तिने स्वतः टॅक्सी बोलावली.

किळस राहू दे, ताई. ती मलाही येते. पण पत्र लिहीत जा.

तुझा,
योशिहारु