डावीकडची सीट

अमरावती,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय शकुनताई,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी मला सहन होत नाही, म्हणून आपला कागदच बरा.

वच्छला गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला मी तुला अकोल्याहून माझ्या जीपने आणलं आणि तू आठ दिवस कंबर धरून बसलीस. त्याला दीड वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून तू इकडे फिरकली नाहीस. रेल्वेच्या पायऱ्या तुझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, हे कबूल. मेळघाटात ढोरांचा डॉक्टर म्हणून हिंडलो तेव्हा मला फळीवर बसवलं असतं तरी चाललं असतं, पण तुझं तसं नाही. म्हणून जीपच्या समोरच्या दोन्ही सीटा बदलायचं ठरवलंय.

इतवारा बाजाराजवळ गाड्यांच्या सीटा बसवणारा एक सीटवाला आहे. त्याच्याकडे एक सीट दोन्ही बाजूंनी उंच, माणसाला धरून ठेवणारी आहे. म्हणे, डोंगरात गाडी कितीही हलली तरी माणूस हलत नाही. दुसरी एका जुन्या मोटारीची, रुंद आणि सपाट. मी रोज जाऊन दोन्हींवर बसतो. तो विचारतो, 'साहेब, बरं वाटून राहिलं का?' दिवसभरात मला हे विचारणारा तो एकटाच, म्हणून मीही लवकर उठत नाही. कोणती घेऊ ते कळव.

संघपाल आणि सूनबाई रश्मीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो एकदा येऊन दाखव.

तुझा,
शालिक

अकोला,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. शालिक यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझ्या मैत्रिणीला पाहायला आलास तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत हो म्हणून मोकळा झालास, आणि सीट निवडायला रोज दुकानात जाऊन बसतोस! वच्छला असती तर तुझी चांगली हजेरी घेतली असती.

ती उंच काठांची घेऊ नकोस. मी आधी टेकते, मग पाय आत घेते. काठ मध्ये आला की पातळ अडकणार आणि मी तुझ्या गाडीत लोंबकळणार. सपाट घे. मान टेकायला उशी हवी. आणि रेक्झिन नको, आमच्या अकोल्याच्या उन्हात त्यावर पापड भाजतील. जाड सुती कापड लाव.

पण माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आता थंडी पडेल, रश्मीला शाळेत शिकवायला जावं लागतं, घर मला सोडता येत नाही. पुढे पाहू.

जेवणाची हयगय करू नकोस. आठवण ठेव.

तुझी,
शकुनताई

अमरावती,
ता. ५ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,
सविनय जयभीम वि. वि.

सीटा बसल्या. जुन्या बोल्टांची भोकं जुळेनात, म्हणून खाली लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. त्यानं सीट इतकी उंच झाली की तुझे पाय लोंबले असते. पट्ट्या कापून पुन्हा खाली घेतल्या. आता सीट पुढेमागे सरकते, पट्टाही नीट लागतो. कापड तू सांगितलंस तसंच, राखाडी.

तुझी सीट तपासायला मी स्वतः डावीकडे बसून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूला बसलो. आणि काय सांगू, कोणीतरी येऊन गाडी चालू करील म्हणून बराच वेळ वाट पाहत राहिलो.

आता कंबरेचं निमित्त उरलं नाही. थंडीला शाल आहे आणि रश्मी घर सांभाळायला समर्थ आहे. लेक प्रियदर्शनी पुण्याहून रविवारी फोन करते, बाकी आठवडा माझा आवाज मलाच ऐकू येतो. मला एकटं वाटतं, ताई. सरळ सांग, काहून येत नाहीस? माझं काही चुकलं का?

तुझा,
शालिक

अकोला,
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. शालिक यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. कंबर तर नवव्या दिवशीच बरी झाली होती.

मला ऐकू येईनासं झाल्यापासून सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. वच्छला तेवढी ओरडायची नाही. माझ्याशी बोलायचं असलं की आधी खांद्यावर हात ठेवायची, मी वळले की मगच बोलायची. पुण्यानुमोदनाची माणसं गेल्यावर मी तुझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते, तेव्हा माझा खांदा सारखा वाट पाहत होता. त्या घरात मला पाऊल टाकवत नाही रे. तुझी बायको गेली, पण माझी मैत्रीणही तीच होती, आणि तिच्यासाठी मला नीट रडताही आलं नाही. सगळे तुला सांभाळत होते, मीही तुलाच सांभाळत होते.

तू हौसेनं सीट केलीस आणि मी बहाणे करत राहिले. राग धरू नकोस.

तुझी,
शकुनताई

अमरावती,
ता. १९ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून खूप रडलो. राग कसला?

पुढच्या रविवारी सकाळी तुला घ्यायला येतो. घरात यायचं नाही. दारातल्या कडुनिंबाखाली गाडी उभी करीन, तू सीटवरून उतरूही नकोस. मी आतून दोन ताटं आणतो आणि आपण गाडीतच जेवू. वच्छलेबद्दल बोलावंसं वाटलं तर बोलू, नाहीतर गप्प बसू. अंधार पडायच्या आत तुला अकोल्याला पोचवतो.

शेजारी हसतील याची काळजी करू नकोस, त्यांना सवय झाली आहे. घरात माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. सीटा बसवल्यापासून मी रोज संध्याकाळी गाडीतच जेवतो, आणि डावीकडची सीट मोकळी असते.

तुझा,
शालिक